अर्ध्यावर थांबवलेली आग

बेंझाल्डिहाइड हा बदामासारख्या वासाचा द्रव आहे. प्रयोगशाळा पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या टिळक रस्त्यावरच्या महाविद्यालयाची असो की तालुक्याच्या गावातली, रसायनांच्या कपाटातली त्याची जुनी बाटली उघडली की तोंडाशी आणि बुचाला पांढरे स्फटिक जमलेले दिसतात. हे स्फटिक बेंझोइक आम्लाचे. बाटलीत शिरलेल्या हवेतल्या ऑक्सिजनने कोणत्याही उष्णतेशिवाय आणि उत्प्रेरकाशिवाय बेंझाल्डिहाइडचे आम्ल करून टाकलेले असते. ऑक्सिडीकरणाची मुख्य अडचण या स्फटिकांत दिसते. ऑक्सिजनची क्रिया सुरू करून देता येते, पण हव्या त्या पायरीवर ती थांबवणे कठीण असते.

या पायऱ्या ठरलेल्या आहेत. टोल्युइनपासून बेंझाइल अल्कोहोल, त्यापासून बेंझाल्डिहाइड, मग बेंझोइक आम्ल आणि शेवटी कार्बन डायऑक्साइड व पाणी. ऊर्जेच्या हिशेबाने प्रत्येक पायरी आधीच्या पायरीच्या खाली आहे आणि तळाशी पूर्ण ज्वलन आहे. चुलीत, इंजिनात किंवा गॅसच्या शेगडीत तळ गाठायचाच असतो. रासायनिक उद्योगाला मात्र बहुतेक वेळा मधल्या पायरीवरचा पदार्थ हवा असतो. बदललेल्या कच्च्या मालापैकी किती भाग या हव्या पदार्थात गेला, त्या प्रमाणाला निवडकता म्हणतात. कारखान्यात सगळे तिला ‘सिलेक्टिव्हिटी’ या नावानेच ओळखतात.

हिशेबाचे तीन शब्द येथे वेगळे ठेवावे लागतात. शंभर रेणू भट्टीत गेले, त्यांतले ऐंशी बदलले आणि साठांपासून हवा तो पदार्थ झाला, तर रूपांतर ८० टक्के, निवडकता ७५ टक्के आणि उत्पन्न ६० टक्के. क्रिया जितकी पुढे रेटावी तितकी निवडकता सहसा घसरते, कारण तयार झालेल्या मालावरच ऑक्सिजन पुन्हा तुटून पडतो. नायलॉन बनवण्याच्या साखळीत सायक्लोहेक्झेनचे ऑक्सिडीकरण करताना एका फेरीत शेकडा पाच-सहाच्या आसपासच रूपांतर होऊ देतात आणि उरलेले सगळे सायक्लोहेक्झेन वेगळे काढून परत भट्टीत सोडतात. एवढी उठाठेव केवळ निवडकता राखण्यासाठी असते.

हव्या पदार्थाचा रेणू मूळ रेणूपेक्षा जास्त नाजूक असतो, हे या घसरणीचे कारण आहे. मिथेनमधला कार्बन-हायड्रोजन बंध तोडायला दर मोलमागे सुमारे ४३९ किलोज्यूल ऊर्जा लागते, तर मिथेनॉलमधला तसाच बंध सुमारे ४०२ किलोज्यूलला तुटतो. म्हणजे जो तापमानाचा मारा मिथेनला हलवण्यासाठी लागतो, त्यात मिथेनॉल टिकत नाही. नैसर्गिक वायूपासून एका टप्प्यात मिथेनॉल करण्याचे प्रयत्न अनेक दशके चालू असूनही मोठा कारखाना उभा राहिलेला नाही, त्यामागे मुख्यतः हेच आकडे आहेत. केवळ उष्णता वाढवून हा पेच सुटत नाही. रेणूला कोणता ऑक्सिजन, किती आणि कोणत्या जागी भेटतो यावर ताबा ठेवावा लागतो. हे काम उत्प्रेरकाचे.

रंगाच्या डब्यातले रसायन

निवडक ऑक्सिडीकरणाचा माल घरोघरी असतो. सदाशिव पेठेतल्या जुन्या वाड्यांच्या दारांना, जिन्यांच्या कठड्यांना आणि खिडक्यांच्या गजांना जो ऑइलपेंट लावतात, त्यातला चिकट घटक बहुधा अल्किड रेझिन असतो. हे रेझिन सुकणारे तेल, ग्लिसरीनसारखा पदार्थ आणि थॅलिक अनहायड्राइड यांपासून बनते. विजेच्या वायरचे वेष्टन, रेक्झिन आणि बागेतला पाइप यांतल्या पीव्हीसीला मऊपणा आणणारे अनेक पदार्थही थॅलिक अनहायड्राइडपासूनच होतात. दाराला लावलेला रंग सुकतो तेसुद्धा उत्प्रेरित ऑक्सिडीकरणच असते. रंगात चिमूटभर मिसळलेले कोबाल्टचे क्षार हवेतल्या ऑक्सिजनला तेलाच्या रेणूंशी जोडतात आणि त्यांचे जाळे विणले जाते.

थॅलिक अनहायड्राइड पूर्वी डांबरापासून मिळणाऱ्या नॅप्थॅलीनपासून करत. नॅप्थॅलीनमध्ये दहा कार्बन अणू असतात आणि थॅलिक अनहायड्राइडमध्ये आठ. त्यामुळे क्रिया अगदी अचूक चालली तरी दोन कार्बन जळून वाया जात. नंतर ऑर्थोझायलीन वापरात आले. त्यात मुळातच आठ कार्बन असल्याने एकही गमवावा लागत नाही. रायगड जिल्ह्यात तळोजा औद्योगिक वसाहतीतला आय जी पेट्रोकेमिकल्सचा कारखाना याच मार्गाने थॅलिक अनहायड्राइड बनवतो.

ऑर्थोझायलीनची वाफ भरपूर हवेत मिसळून हजारो बारीक नळ्यांतून सोडतात. नळ्यांत व्हॅनेडियम पेंटॉक्साइड आणि टिटॅनियम डायऑक्साइड यांचा लेप दिलेल्या चिनी मातीसारख्या कड्या भरलेल्या असतात. नळ्यांभोवती साडेतीनशे ते चारशे अंश सेल्सिअस तापमानाचे वितळलेले क्षार फिरत राहून उष्णता काढून घेतात. शंभर किलो ऑर्थोझायलीनपासून कागदावर सुमारे १४० किलो थॅलिक अनहायड्राइड मिळायला हवे, कारण हवेतल्या ऑक्सिजनचे वजनही मालात येते. प्रत्यक्षात साधारण ११० किलोच्या आसपास मिळते. उरलेल्या झायलीनचा काही भाग मॅलेइक अनहायड्राइडसारख्या जोडपदार्थांत जातो आणि बराचसा जळतो.

या जळण्याने केवळ माल बुडत नाही. एका रेणूचे थॅलिक अनहायड्राइड होताना जेवढी उष्णता निघते, त्याच्या सुमारे चौपट तो पूर्ण जळताना निघते. म्हणून निवडकता जराशी ढासळली की नळी तापते, तापली की आणखी रेणू जळतात आणि उत्प्रेरकाच्या थरात एखादा जळजळीत पट्टा तयार होतो. कारखान्यात त्याला ‘हॉट स्पॉट’ म्हणतात. निवडकता म्हणजे पैशाची बचत, तशीच भट्टीची सुरक्षितताही.

ऑक्साइडचा स्वतःचा ऑक्सिजन

धातूचे ऑक्साइड हे काम कसे करतात, याचे पहिले नेटके स्पष्टीकरण १९५४ साली मार्स आणि फान क्रेव्हेलन या डच संशोधकांनी दिले. व्हॅनेडियम पेंटॉक्साइडवर नॅप्थॅलीनसारख्या पदार्थांचे ऑक्सिडीकरण तपासताना त्यांनी क्रियेचे दोन भाग मांडले. आधी कच्चा माल ऑक्साइडच्या स्फटिकजालकातला ऑक्सिजन उचलतो आणि तेथे रिकामी जागा पडते. मग हवेतला ऑक्सिजन ती जागा भरून काढतो. व्हॅनेडियम या व्यवहारात पाच संयुजेवरून चारवर उतरतो आणि पुन्हा पाचवर चढतो. म्हणजे हवा थेट मालाला भिडत नाही. देवघेव ऑक्साइडच्या मार्फत होते.

हा फरक महत्त्वाचा आहे, कारण पृष्ठभागावर ऑक्सिजन एकाच रूपात नसतो. जालकात पक्का बसलेला ऑक्साइड आयन रेणूतल्या कमकुवत झालेल्या कार्बन-हायड्रोजन जागी जोडला जातो आणि कार्बनचा सांगाडा शाबूत ठेवतो. हवेतून येऊन पृष्ठभागावर अर्धवट चिकटलेला, इलेक्ट्रॉनांसाठी भुकेलेला ऑक्सिजन कार्बन-कार्बन बंधावरच हल्ला करतो आणि रेणूचे तुकडे पाडतो. पहिला प्रकार वाढवायचा, दुसरा कमी करायचा, हे निवडक उत्प्रेरक घडवण्याचे पहिले सूत्र.

दुसरे सूत्र अमेरिकेतल्या सोहायो कंपनीत सापडले. तेथे प्रोपिलीन, अमोनिया आणि हवा यांपासून ॲक्रिलोनायट्राइल बनवण्याची पद्धत बसवली गेली आणि १९६० साली ओहायो राज्यातल्या लायमा येथे कारखाना सुरू झाला. स्वेटरच्या ॲक्रिलिक लोकरीचा हा कच्चा माल. बिस्मथ मॉलिब्डेट हा तिथला उत्प्रेरक. कॅलहन आणि ग्रासेली यांनी १९६३ साली त्यामागची कल्पना मांडली. क्रियाशील ऑक्सिजन अणू लहान लहान गटांत, एकमेकांपासून अलग असावेत. गटात दोन-चारच ऑक्सिजन असतील तर रेणूला तेवढेच मिळतात आणि क्रिया मधल्या पायरीवर अडते. शेजारी ऑक्सिजनची रांगच असेल तर रेणू शेवटपर्यंत जळतो. एकही जवळ नसेल तर काहीच घडत नाही. याला ‘अलग जागांचे तत्त्व’ म्हणता येईल. त्या काळी असे गट घडवण्याचा मार्ग म्हणजे निरनिराळी मिश्रणे भाजून पाहणे. गटांमधले हे अंतर अणूच्या मापात आखता येण्याची शक्यता नॅनोरचनेमुळे आली.

आकार, बाजू आणि छिद्रे

एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. धातूच्या ऑक्साइडला या मापात घडवताना निवडकतेवर तीन वाटांनी परिणाम होतो.

पहिली वाट थराच्या जाडीची. थॅलिक अनहायड्राइडच्या उत्प्रेरकात व्हॅनेडियमचे ऑक्साइड ॲनाटेज प्रकारच्या टिटॅनियम डायऑक्साइडवर पसरवलेले असते. व्हॅनेडियम फार थोडे असले की त्याचे एकेकटे गट पृष्ठभागावर विखुरतात. वाढवत नेले की त्यांच्या साखळ्या जुळतात. दर चौरस नॅनोमीटरला सात-आठ अणूंच्या सुमारास एक पूर्ण थर भरतो आणि त्यापुढे व्हॅनेडियम पेंटॉक्साइडचे सुटे स्फटिक वाढू लागतात. टिटॅनियमशी ऑक्सिजनच्या पुलाने बांधलेला हा एका अणूच्या जाडीचा थर सुट्या स्फटिकांहून कितीतरी चपळ असतो. दुसरीकडे, टिटॅनियमचा भाग उघडा राहिला तर तेथे मालाचे रेणू चिकटून बसतात आणि जळतात. म्हणून पृष्ठभाग पुरता झाकायचा असतो.

दुसरी वाट स्फटिकाच्या बाजूंची. एकाच ऑक्साइडच्या घनाकृती, काडीसारख्या आणि पत्र्यासारख्या कणांत वेगवेगळे अणू बाहेर डोकावतात. २००९ साली चीनमधल्या संशोधकांनी कोबाल्ट ऑक्साइडच्या नॅनोकाड्या बनवल्या. त्यांच्या उघड्या बाजूवर तीन संयुजेचे कोबाल्ट आयन भरपूर होते. या काड्यांवर कार्बन मोनॉक्साइडचे ऑक्सिडीकरण उणे ७७ अंश सेल्सिअसलाही झाले. मॅलेइक अनहायड्राइड करताना ब्यूटेनवर वापरल्या जाणाऱ्या व्हॅनेडियम-फॉस्फरस ऑक्साइडमध्येही स्फटिकाची एक ठरावीक बाजूच निवडक मानली जाते, म्हणून ती जास्त उघडी राहील अशा पातळ पापुद्र्यांच्या रूपात तो वाढवतात.

तिसरी वाट छिद्रांची. तयार झालेला रेणू उत्प्रेरकाच्या आत जितका वेळ रेंगाळेल तितका त्याचा पुढे जळण्याचा धोका वाढतो. छिद्रातून बाहेर पडायला लागणारा वेळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. कण दहापट लहान केला तर हा वेळ शंभरपट कमी होतो. शिवाय छिद्राचे माप रेणूच्या मापाशी जुळवले तर कोणता रेणू आत जाईल आणि कोणत्या आकाराचा बाहेर पडेल, हेही ठरवता येते.

मात्र नॅनो आकार म्हणजे आपोआप निवडकता नव्हे. कण लहान झाला की पृष्ठभागावरचे अणू वाढतात, कोपरे आणि कडा वाढतात, ऑक्सिजन सैल होतो आणि उत्प्रेरक अधिक चपळ बनतो. ही चपळाई विषारी वायू जाळण्यासाठी उत्तम, पण झायलीन अर्ध्यावर थांबवण्यासाठी घातकही ठरू शकते. म्हणूनच दोन उत्प्रेरकांची निवडकता सारख्याच रूपांतरावर तोलावी लागते. एकाने १० टक्के रूपांतरावर ९० टक्के निवडकता दाखवली आणि दुसऱ्याने ७० टक्के रूपांतरावर ८० टक्के, तर पहिला सरस आहे असे म्हणता येत नाही. आत गेलेल्या कार्बनचा बाहेर पडलेल्या पदार्थांशी ताळा जुळणे, ही दुसरी कसोटी.

पाषाणमधले काम

सदाशिव पेठेतून गणेशखिंडीच्या बाजूने पाषाणला गेले की राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचा परिसर लागतो. पुणेकर तिला ‘एनसीएल’ म्हणूनच ओळखतात. ३ जानेवारी १९५० रोजी पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. उत्प्रेरक हा तिथला जुना आणि भक्कम विषय. १९९५ ते २००२ या काळात संचालक असलेले पॉल रत्नसामी स्वतः याच क्षेत्रातले.

निवडक ऑक्सिडीकरणातली तिथली ठळक कामगिरी टिटॅनियम सिलिकेटवरची आहे. इटलीतल्या स्नामप्रोजेत्ती कंपनीच्या संशोधकांनी टीएस-१ हा पदार्थ बनवला, त्याचे अमेरिकी पेटंट १९८३ चे आहे. हा सिलिकाचा स्फटिक असून त्यात सुमारे अर्ध्या नॅनोमीटरची नियमित छिद्रे असतात आणि काही सिलिकॉन अणूंच्या जागी टिटॅनियम बसवलेले असते. प्रत्येक टिटॅनियम अणूभोवती चार ऑक्सिजन आणि पलीकडे सिलिकॉनच सिलिकॉन, म्हणजे अलग जागांचे तत्त्व एकेका अणूपर्यंत नेलेले. हायड्रोजन पेरॉक्साइड वापरून तो फिनॉलपासून हायड्रोक्विनोन आणि कॅटेकॉल करतो आणि प्रोपिलीनपासून प्रोपिलीन ऑक्साइड. उरते ते पाणी.

हा पदार्थ घडवणे किचकट होते. सुरुवातीच्या कृतीत टिटॅनियमचे संयुग पाण्याशी सिलिकाच्या संयुगापेक्षा फार लवकर क्रिया करी आणि टिटॅनियम डायऑक्साइडचे बारीक कण सुटे होऊन खाली बसत. हे कण ॲनाटेजचे असतात. ते हायड्रोजन पेरॉक्साइडचे नुसते विघटन करतात आणि निवडकता पाडतात. तोच टिटॅनियम, तोच ऑक्सिजन, पण सांगाड्यात बसला तर उपयोगी आणि सुटा राहिला तर उपद्रवी. पुण्यात थंगराज, राजीव कुमार, मिरजकर, रत्नसामी आणि शिवशंकर यांच्या गटाने १९९१-९२ च्या सुमारास यावर तोड काढली. जास्त सावकाश क्रिया करणारे टिटॅनियम ब्यूटॉक्साइड त्यांनी वापरले, ते अल्कोहोलमध्ये विरघळवून हळूहळू घातले आणि सांगाड्यात अधिक टिटॅनियम बसवून दाखवले. या कृतीचा आधार जगभरातल्या प्रयोगशाळा आजही घेतात. त्याआधी १९९० साली याच प्रयोगशाळेतून टीएस-२ या भावंड पदार्थाची माहिती प्रसिद्ध झाली होती.

टिटॅनियम कुठे बसले, हे ओळखण्याची खूण प्रकाशात सापडते. सांगाड्यातला एकटा टिटॅनियम सुमारे २१० नॅनोमीटर तरंगलांबीचा अतिनील प्रकाश शोषतो. सुट्या ॲनाटेजचे शोषण ३३० नॅनोमीटरच्या आसपास दिसते. दुसरी खूण उमटली की माल बिघडला असे समजतात.

प्रयोगशाळेतल्याच वसंत चौधरी यांच्या गटाने दोन वेगळ्या वाटा चोखाळल्या. मॅग्नेशियम ऑक्साइडवर निकेल बसवून मिथेनचे कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन यांत निवडक ऑक्सिडीकरण कमी तापमानाला करण्याचे काम १९९२ साली ‘अँगेवांटे केमी’ या जर्मन नियतकालिकात आले. पुढे २००५ साली त्यांनी बेंझाइल अल्कोहोलपासून बेंझाल्डिहाइड करण्याची पद्धत मांडली. तीत सोन्याचे नॅनोकण धातूच्या ऑक्साइडवर बसवलेले होते, द्रावक नव्हता आणि ऑक्सिडीकरणाला साधा ऑक्सिजन पुरत होता. टोल्युइनवर क्लोरीनची क्रिया करून मिळवलेल्या बेंझाल्डिहाइडमध्ये क्लोरीनचे अंश राहू शकतात. खाद्यपदार्थांच्या बदामी इसेन्सला आणि अत्तराला ते चालत नाहीत, म्हणून क्लोरीनविरहित मार्गाला मोल आहे. सोने एरवी निष्क्रिय धातू. काही नॅनोमीटरच्या कणांत ते ऑक्सिडीकरणाचा उत्तम उत्प्रेरक ठरते, हे जपानच्या मासाताके हारुता यांनी १९८७ साली दाखवले होते.

भट्टीतल्या अडचणी

प्रयोगशाळेतली चिमूटभर पूड आणि कारखान्यातला टनावारी उत्प्रेरक यांत अंतर असते. नॅनोपूड तशीच नळीत भरली तर वायू पुढे सरकणार नाही. म्हणून ती कड्यांवर लेपतात किंवा तिच्या गोळ्या, दांडे पाडतात. तापलेल्या अवस्थेत बारीक कण एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि घडवलेली रचना हरवते. व्हॅनेडियम पेंटॉक्साइड ६९० अंशांना वितळते, पण त्याच्या बरेच खालीही त्याचे अणू पृष्ठभागावर सरकू लागतात. ॲनाटेज फार तापले तर त्याचे रूटाइल हे दुसरे स्फटिकरूप बनते आणि व्हॅनेडियमचा थर विस्कटतो. उत्प्रेरक वर्षानुवर्षे तीच निवडकता देईल का, हा खरेदीदाराचा पहिला प्रश्न असतो आणि त्याचे उत्तर काही तासांच्या प्रयोगातून मिळत नाही.

टीएस-१ हा या कसोटीवर उतरलेला पदार्थ आहे. इटलीतल्या राव्हेना येथे १९८६ साली त्यावर फिनॉलपासून हायड्रोक्विनोन आणि कॅटेकॉल करणारा कारखाना चालू झाला आणि २००८ साली दक्षिण कोरियातल्या उल्सान येथे प्रोपिलीन ऑक्साइडचा.

निवडकतेचा अर्थ गरजेप्रमाणे उलटतोही. ट्रॉम्बे आणि तळोजा येथील खत-रसायन कारखान्यांत नायट्रिक आम्लासाठी अमोनियाचे ऑक्सिडीकरण प्लॅटिनम-ऱ्होडियमच्या जाळ्यांवर होते. तेथे नायट्रिक ऑक्साइड हवे असते आणि थोडे नायट्रस ऑक्साइडही निघते. तापमानवाढीत हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या अडीचशेहून अधिक पट प्रभावी असल्याने जाळीखाली धातूच्या ऑक्साइडचा थर ठेवून तो मोडता येतो. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज सहा या उत्सर्जन मानकाच्या वाहनांत सायलेन्सरच्या वाटेवर जो उत्प्रेरक बसवलेला असतो, त्यात सिरियम-झिर्कोनियम ऑक्साइड जालकातला ऑक्सिजन देतो-घेतो. यंत्रणा मार्स आणि फान क्रेव्हेलन यांनी सांगितलेलीच. टिळक रस्त्यावरच्या गर्दीत उभ्या असलेल्या स्कूटरला मात्र कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेले पेट्रोल पूर्ण जाळायचे असते.

कारखान्यात हिशेब शेवटी टक्क्यांवर येतो. वर्षाला एक लाख टन ऑर्थोझायलीन वापरणाऱ्या कारखान्यात निवडकता एका टक्क्याने वाढली, तर सुमारे १,४०० टन थॅलिक अनहायड्राइड जास्त मिळते. त्यात गेलेले झायलीन पूर्ण जळाले असते, तर त्यातून सुमारे ३,३०० टन कार्बन डायऑक्साइड हवेत गेला असता.